डोळ्यावरचं कुंकू

मशीन म्हणालं, रिबन संपली. रिबन संपलेली नव्हती. दसऱ्याच्या सुट्टीआधी मेहरुननं स्वतःच्या हातानं नवाकोरा रोल चढवला होता आणि तो झाकणाच्या काचेतून काळाभोर, गुबगुबीत, जेवून बसलेल्या माणसासारखा दिसत होता. तरी लेबलं छापणाऱ्या प्रिंटरवर लाल दिवा, आणि स्क्रीनवर एकच हेका: रिबन संपली, नवीन रिबन घाला. तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. खोटं बोलणारी माणसं मेहरुनला नवीन नव्हती, खराडीच्या या शेडमध्ये तर ती पगारावर होती. पण हे मशीन आजवर तिच्याशी खोटं बोललं नव्हतं. तिनं झाकण उघडलं. रोलच्या समोर, आतल्या अंगाला, हरभऱ्याएवढा एक काचेचा डोळा असतो. तो रोलवर उजेड टाकतो आणि किती परत आला ते मोजतो. काळी रिबन उजेड गिळते, म्हणजे माल आहे. रिबन संपून आतली चकचकीत नळी उघडी पडली की उजेड परत येतो, म्हणजे माल संपला, थांबा. एवढंच त्याचं शहाणपण, पण तेवढ्यावर अख्खी लाईन चालते. त्या डोळ्यावर, बरोब्बर मधोमध, कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. टाकलेला उजेड कुंकवावरूनच माघारी येत होता, आणि मशीन बिचारं भरल्या ताटासमोर बसून उपाशी असल्यासारखं ओरडत होतं. मेहरुनला हसू आलं. कंबरेला खोचलेलं फडकं तिनं काढलं, स्पिरिटच्या बाटलीचं तोंड त्यावर पालथं केलं, हात आत घातला. आणि हात थांबला.

आपला हात थांबला याचं तिला आधी नवल वाटलं आणि मागोमाग राग आला. राग नेमका कुणाचा, ते ठरेना. शेडच्या त्या टोकाला बाटल्या धुणाऱ्या बायका सुट्टीतल्या गप्पांत होत्या, इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. छतात कॅमेरा होता, पण तो कायमच होता. त्याच्याखाली तिनं वर्षानुवर्षं डबा खाल्ला होता, डुलकी काढली होती, एकदा रडूनही घेतलं होतं. त्याला ती कधी बिचकली नव्हती. आज मात्र तिनं वर पाहिलं. मेहरुन मशीनवरचं कुंकू पुसते आहे. हे वाक्य तिच्या डोक्यात उमटलं ते कुणा दुसऱ्याच्या आवाजात. त्या आवाजाला चेहरा नव्हता, बातमी सांगणाऱ्यांचा असतो तसा नुसता सूर होता. दरवर्षी दसऱ्यानंतर हेच मशीन, हेच फडकं, हेच कुंकू, आणि ती गाणं गुणगुणत पुसून मोकळी व्हायची. तेव्हा तिच्या डोक्यात असं कुणी बोलायचं नाही. तेव्हा कुंकू तिनं लावलेलं असायचं. ज्या हातानं लावलं तोच हात पुसतो, यात बघण्यासारखं काय होतं कुणाला? स्पिरिट फडक्यातून उडून चाललं होतं, बोटं गार पडली होती. तिनं हात बाहेर घेतला.

कुंकू तिच्याकडं आलं ते आनंदीबाईंमुळं. गुडघ्याला चोळायच्या तेलाची ही कंपनी आनंदीबाईंनी सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत स्टोव्हवर काढलेली. पुढं मुलानं शेड घेतली, मशिनं आणली, पण खंडेनवमीला बाई रिक्षा करून खराडीपर्यंत यायच्या आणि प्रत्येक मशीनपाशी उभ्या राहून पूजा करवून घ्यायच्या. मेहरुन तेव्हा नवी. ताट येताना दिसलं तशी ती आपण होऊन भिंतीकडं सरकली. बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

"तू कुठं निघालीस?"

"मी… तिकडं थांबते."

"हे मशीन कोण चालवतं?"

"मी."

"मग मी लावून काय उपयोग? मला चालू करता येत नाही ते. धर ताट."

"बाई, पण मी—"

"तू कोण ते मला ठाऊक आहे. मशीनला ठाऊक आहे का? लवकर कर, रिक्षा थांबलीय बाहेर."

आनंदीबाई काही मोठ्या मनाच्या वगैरे नव्हत्या. मेहरुननं त्यांचा जमाखर्च मनात केव्हाच मांडून ठेवला होता. प्रसादाचा पेढा त्या अर्धा करून द्यायच्या, उशिरा येणारीला दारातच उभं करून कुटुंबातली सगळी आजारपणं विचारायच्या आणि एकावरही विश्वास ठेवायच्या नाहीत. ताट हातात दिलं ते कौतुकानं नव्हे, घाईनं. जिचं मशीन तिनं पूजा करायची, म्हणजे ते बिघडलं तर तिला जिवाला लागतं, असा त्यांचा सरळ व्यापारी हिशोब होता. त्या हुकमात दया नव्हती, म्हणून त्याचं ओझंही नव्हतं. मेहरुननं मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणून बोट बुडवलं आणि मशीनच्या वरच्या लोखंडी कोपऱ्यावर, जिथं काही हलत नाही की दिसत नाही अशा जागी, टिकली ओढली. बिस्मिल्ला कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या, काय म्हणायचं ते पटकन म्हण. पुढं बाई गेल्या. ताट मात्र दरवर्षी तिच्याकडं येत राहिलं, जसा दरवर्षी तिच्याकडं कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा येत राहिला. कुणी दिलं, का दिलं, हे विचारायची वेळ कधी आलीच नाही. कुणी विचारत नाही त्या गोष्टी किती घट्ट असतात, हे तिला तेजस येईपर्यंत माहीत नव्हतं.

तेजस यंदा उन्हाळ्यात आला, पलीकडच्या काचेच्या इमारतीतली नोकरी सोडून. वय असेल मेहनाजपेक्षा, म्हणजे मेहरुनच्या मुलीपेक्षा, चारपाच वर्षांनी जास्त. शेडचा प्रमुख. माणूस वाईट म्हणावा तर एकही आकडा तिच्या हाताला लागत नव्हता. बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी बसवली त्यानं, जी आधीच्या दोन साहेबांना बसवता आली नव्हती. ओरडत नव्हता. सगळ्यांना मॅम म्हणायचा, बाटल्या धुणाऱ्या बायकांनासुद्धा, आणि त्या मागं तोंडाला पदर लावून हसायच्या. हे सगळं जमेच्या बाजूला. म्हणूनच तर खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात त्यानं तिला खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं, पाण्याचा ग्लास पुढं केला, तेव्हा ती निर्धास्त होती.

"मेहरुन मॅम, यंदा पूजेचं आपण थोडं वेगळं करतोय. तुम्हाला दरवर्षी ते करावं लागतं ना… म्हणजे कुणी तुम्हाला कधी विचारलंच नाही. मला ते बरोबर वाटत नाही."

"काय बरोबर वाटत नाही?"

"तुमच्यावर ते लादलं गेलंय. इतकी वर्षं."

"माझ्यावर कुणी काही लादलं तर मी गप्प बसेन, असं वाटतं तुम्हाला? बाहेर विचारा कुणालाही."

तो हसला. मऊ, समजूतदार, कुठल्या तरी शिबिरात बसवून घेतलेलं हसू. "मॅम, मला माहितीय तुम्ही बोलणार नाही. म्हणून तर मी बोलतोय."

यावर काय बोलायचं? हा माणूस, तुमच्या हातचं नको, असं म्हणाला असता तर तिच्याकडं उत्तरं होती. लहानपणापासून रस्त्यात, शाळेत, भाड्यानं घर बघताना ऐकलेल्या प्रत्येक वाक्याला नंतर अंथरुणात सुचलेलं एकेक उत्तर तिनं साठवून ठेवलं होतं, बाईमाणूस सुट्टे पैसे साठवते तसं. पण हा तिच्या बाजूनं बोलत होता. तिच्या बाजूनं बोलून त्यानं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं होतं आणि वर ती आभार मानेल म्हणून थांबला होता. लाज अशी की तिनं मानलेही. "थँक्यू सर" असं काहीतरी तोंडातून गेलं, ग्लास उचलून पाणीही प्यायलं, आणि दाराबाहेर आल्यावर तिच्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या.

कसब्यातल्या घरी रात्रीच्या जेवणावर तिनं हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, निदान इथं तरी कुणी भडकेल. मेहनाज ताटातला भात चिवडत म्हणाली, "अम्मी, पण टेक्निकली तो बरोबर आहे. तू का करायचीस पूजा? मला तर आधीपासून विअर्ड वाटायचं. तुझं मशीन, तू ऑपरेट कर, बास. कुंकू वगैरे कशाला?"

"तुझ्या ऑफिसात दिवाळीला रांगोळीची स्पर्धा होते, त्यात बक्षीस कुणाला मिळालं होतं?"

"ते वेगळं. ती फन ॲक्टिव्हिटी आहे."

"आणि माझी?"

"तुझी… तुझी रिलिजस आहे ना, अम्मी."

चांद, तिचा नवरा, यात पडला नाही. त्याचं धार लावायचं दुकान. खाटीक, शिंपी, न्हावी, सगळ्यांच्या सुऱ्या-कात्र्या त्याच्या चाकाखालून जायच्या, आणि खंडेनवमीला गिऱ्हाईकं झेंडूच्या माळा आणायची त्यातली एक तो आपल्या चाकाला गुंडाळायचा. त्याच्या बापानं गुंडाळली होती म्हणून. त्याला कुणी खोलीत बोलावून पाणी पाजलं नव्हतं. "नाही लावलं कुंकू तर काय होतंय?" तो म्हणाला. "मशीन अबोला धरेल का तुझ्याशी? सोड ना." तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. एकीला वाटत होतं आईची सुटका झाली, दुसऱ्याला वाटत होतं विषय संपला. आपल्याला नेमकं काय गेल्यासारखं वाटतंय ते या दोघांना सांगायला गेलं तर हातात काहीच येणार नाही, हे तिला उमगलं. कुंकवाचं तिला प्रेम होतं? नव्हतं. देवाची भीती होती? तो हिशोब वेगळ्या खात्याचा. मग काय होतं? वर्षातून एकदा सगळ्यांसमोर ते मशीन तिचं आहे असं ठरायचं, आणि ठरतंय हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. ते गेलं होतं. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की हट्टासारख्या ऐकू येतात. तिनं ताटं उचलली.

खंडेनवमीला ताट शर्मिलाच्या हातात होतं. शर्मिला हिशेबनिसांच्या खोलीत बसणारी, भिडस्त, कुणी काही सांगितलं की हो म्हणणारी. तेजसनं सांगितलं, तिनं हो म्हटलं. जरीच्या साडीत ती मशीनपाशी आली, झाकण उघडलं आणि बोटाला कुंकू लावून बराच वेळ नुसती बघत राहिली, नवख्या नवरीला ओवाळताना कपाळ सापडू नये तशी. मग तिनं आत कुठंतरी बोट टेकवलं. मेहरुन मागं, भिंतीला टेकून, बघत होती. किती वर्षांपूर्वी आपण होऊन सरकली होती त्याच भिंतीला. तेव्हा तिथून तिला ओढून पुढं आणलं होतं. आज तिथं तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग शर्मिला पेढ्यांचा बॉक्स घेऊन सगळ्यात आधी तिच्याकडं आली आणि हळूच, अगदी मायेनं म्हणाली, "मेहरुनताई, तुम्हाला चालेल ना प्रसाद?" इतकी वर्षं तिनं तो खाल्ला होता, अर्धासुद्धा खाल्ला होता. चालेल का, असं विचारल्यावर तिनं पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. तिनं तो कागदात गुंडाळला आणि बसमध्ये शेजारच्या बाईच्या पोराला दिला.

हे सगळं ते ओलं फडकं वाळेपर्यंत तिच्या डोक्यातून फिरून गेलं. तिनं फडकं पुन्हा कंबरेला खोचलं आणि मशीनवाल्या कंपनीच्या उत्तरेश्वरला फोन लावला. तिच्या साऱ्या नोकरीत, स्वतःला करता येणाऱ्या कामासाठी माणूस बोलावण्याची ही पहिली वेळ.

उत्तरेश्वर धाराशिवकडचा, पाठीवर बॅग, तोंडात सदा काहीतरी चघळत. त्यानं झाकण उघडलं, आत डोकावला आणि चघळणं थांबवलं.

"ताई, हे कुणी लावलं?"

"ज्यांना लावायला सांगितलं त्यांनी."

"मग पुसा की."

"तू पूस. इंजिनिअर तू."

"न्हाई ताई. सणाचं हाय. आमची आई म्हणती, नवमीचं कुंकू आपसूक झडू द्यावं, पुसू नये. मी न्हाई हात लावणार. तुम्हीच घ्या की पुसून, तुम्हाला काय…"

वाक्य तिथंच अडकलं. त्यानं जीभ चावली, पण वाक्याचं शेपूट दोघांच्या मध्ये लोंबत राहिलं.

"मला काय? बोल की पुढचं."

"तसं न्हाई हो ताई. मी आपलं… जाऊ द्या. मी असंच कॅलिब्रेट करून देतो. कुंकवासकट."

आणि त्यानं केलंही. मशीनला शिकवायची रीत साधी. आधी भरलेला रोल समोर ठेवून सांगायचं, हे बघ, याला भरलेलं म्हणतात. ओके. मग रोल काढून रिकामी नळी लावायची: हे बघ, याला रिकामं म्हणतात. ओके. डोळा दोन्ही वेळचा उजेड लक्षात ठेवतो आणि पुढं त्यावरून ठरवतो. कुंकवातून दिसणाऱ्या उजेडाला उत्तरेश्वरनं भरलेलं असं नाव दिलं, कुंकवातून दिसणाऱ्या जरा जास्त उजेडाला रिकामं. लाल दिवा गेला, हिरवा लागला. "बघा, झालं," तो म्हणाला, आणि चहा न पिता गेला. कुंकू म्हणजे कोरडी पूड, ती काचेवर राहणार किती दिवस, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. दोघंही त्या घटकेला कुंकवाचा विचारच करत नव्हते. एकमेकांचा करत होते.

पुढं मशीन गुणी बाळासारखं चाललं. मेहरुनच चालेनाशी झाली. झाकण उघडलं की तो लाल ठिपका बघायचा नाही असं ठरवून ती तिथंच बघायची. लाईन हादरायची, रोल फिरायचा, आणि ठिपक्याची कड थोडी थोडी विरत चालली होती. तिला ते दिसत होतं आणि त्यातून तिला बरंच वाटत होतं, चला, आपोआप जातंय, आपल्यावर काही यायला नको. मशीनला काय वाटत असेल, असं एरवी तिच्या मनात आलं असतं. पण ज्याची पूजा आपण करायची नाही त्याची एवढी काळजी तरी आपण का करावी, असा एक कडू खडा तिच्यात रुतून बसला होता. कुंकू झडेल तसा माघारी येणारा उजेड कमी होणार होता. उजेड कमी म्हणजे भरलेलं, हे मशीन शिकलेलं होतं. म्हणजे आता रिबन संपली काय नि नळी उघडी पडली काय, त्याला सगळं भरलेलंच दिसणार होतं.

ते झालं त्या दुपारी मेहरुन मशीनपाशी नव्हती. तिला तेजसनं बैठकीला बोलावलं होतं. विषय: सर्वांना सामावून घेणारं कामाचं ठिकाण. मुख्य कचेरीतून आलेल्या एक नीरजा मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत होत्या, त्यात वेगवेगळ्या रंगांचे हात एकमेकांना धरून होते. "मेहरुनजी, तुम्ही सांगा, तुम्हाला इथं आपलं वाटतं का?" सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. मेहरुननं आजूबाजूला पाहिलं. शर्मिलाला कुणी हे विचारलं नव्हतं. उत्तर ती देत होती, काय देत होती तिला आठवत नाही, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडं रिबन संपली. मशीन थांबलं नाही. लेबलांच्या कोऱ्या पट्टीवर कोरंच छापत राहिलं. बॅच नंबर नाही, तारीख नाही, किंमत नाही. पुढचा सरकता पट्टा ती लेबलं बाटल्यांवर चिकटवत राहिला, बाटल्या खोक्यांत, खोकी ट्रकमध्ये. मशीन स्वतः थांबतं यावर सगळ्यांचा इतका विश्वास की बघायला कुणी नव्हतंच. सोलापूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं. औषधी तेल, वर तारीख नाही. सगळा माल परत आणायचा, आणि सरकारी माणसाच्या कानावर जायच्या आत आणायचा.

चौकशी त्याच खोलीत झाली. एकमेकांना धरलेल्या हातांचं एक चित्र छापून फळ्याला चिकटवलेलं, ते अजून तसंच. तेजस, शर्मिला, फोन करून बोलावून घेतलेला उत्तरेश्वर, आणि मेहरुन.

"ऑपरेटर मशीनपाशी नव्हत्या, हा मुख्य मुद्दा आहे," तेजस म्हणाला. आवाज अजूनही मऊ होता. "मॅम, थोडे दिवस तुम्ही पॅकिंगच्या टेबलावर बसाल का? पनिशमेंट नाही हं. तुम्हालाच जरा ब्रेक."

म्हणजे आता मशीनही. आधी ताट, मग मशीन, आणि दोन्ही वेळा तिच्याच भल्यासाठी.

"ऑपरेटर मशीनपाशी नव्हती," ती म्हणाली, "कारण ऑपरेटर इथं, या खुर्चीत बसली होती. तिला इथं आपलं वाटतं का, ते सांगत."

उत्तरेश्वर खाली बघायला लागला. मग त्यानंच सगळं ओकलं: डोळा, कुंकू, कुंकवासकट कॅलिब्रेट. शर्मिलाच्या डोळ्यांना धार लागली. "मला काय माहीत हो तो डोळा आहे! मशीनचं कपाळ कुठं तेच मला कळेना. एवढंच काय ते गोल, चकचकीत दिसलं, वाटलं इथंच लावत असतील. ताईंना विचारायला हवं होतं, पण सर म्हणाले, त्यांना यात ओढू नका."

तेजसनं पेन खाली ठेवलं. "ओके. पण मेहरुन मॅम, कुंकू तुम्हाला पहिल्या दिवशी दिसलं होतं. दोन सेकंदांचं काम. मग पुसलं का नाही तुम्ही?"

"पुसलं म्हणू नका हो, सर," शर्मिला हुंदक्यातून म्हणाली. "उतरवलं म्हणा."

मेहरुनला अचानक सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं. हा एकच प्रश्न खरा होता, आणि तो तिनं स्वतःला रोज विचारला होता. तिला नवऱ्याचं सोड ना आठवलं, उत्तरेश्वरचं तुम्हाला काय आठवलं, पेढ्याचा कागद आठवला. आणि तो थांबलेला हात. त्या हाताची तिला सगळ्यात जास्त चीड होती. कुणी धरला नव्हता. तिनंच थांबवला होता, कुणी काही म्हणायच्या आत, सगळ्यांच्या सोयीसाठी.

"पुसलं असतं," ती म्हणाली. "समजा पुसलं असतं, आणि मी पुसताना कुणी फोटो काढला असता. मागचंपुढचं काही नाही, नुसता तेवढाच फोटो. मी, फडकं आणि कुंकू. तो फिरत फिरत संध्याकाळपर्यंत गेटवर आला असता. तर तुम्ही काय केलं असतंत, सर?"

तेजसनं पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला, ठेवला. "आपल्याकडं असं कुणी करणार नाही, मॅम."

"तुम्ही काय केलं असतंत ते विचारलं मी."

तेजसला उत्तर येत नव्हतं असं नाही. येत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू चढताना तिला दिसत होतं. त्यानं तिला थोडे दिवस घरी बसवलं असतं. तिच्याच सुरक्षेसाठी. अगदी मऊ आवाजात.

"आय ॲम सॉरी," तो अखेर म्हणाला, आणि त्यात काही शिकवलेलं नव्हतं, हे तिनं प्रामाणिकपणे जमेला धरलं. पण तो तिथं थांबला असता तर तेजस कसला. "पॅकिंगचं विसरा. मशीन तुमचंच. आणि पुढच्या वर्षी पूजा तुम्हीच करायची. मी आजच सगळ्यांना मेल टाकतो, मेहरुन मॅम पूजा करतील म्हणून. आपण फोटोग्राफर बोलावू, नीरजा मॅडमना बोलावू, वार्षिक अंकात पान देऊ. हे लोकांपर्यंत जायला हवं."

शर्मिलाचा चेहरा उजळला. उत्तरेश्वरसुद्धा "हां, हे बेस" म्हणाला. सगळ्यांना वाटलं, मिटलं. मेहरुनला मात्र तसं वाटेना. मशीन राहिलं होतं, ताट परत येत होतं. पण ते आता मेलमधून येणार होतं. आता ती कोपऱ्यावर टिकली ओढेल तेव्हा बघणाऱ्याच्या मनात एकच असेल: हिला परवानगी आहे. जी गोष्ट कुणी देत नव्हतं ती दिली गेली होती, आणि दिलेली गोष्ट परत घेता येते. आनंदीबाईंची रिक्षा बाहेर थांबलेली असायची, त्यांना एवढा वेळच नव्हता. ही माणसं किती निवांत होती.

ती उठली. सरळ शेडमध्ये गेली. बाकीचे मागून आले. तेजसच्या हातात फोन, अहवालासाठी सेन्सरचा फोटो हवा म्हणून. तिनं झाकण उघडलं. डोळ्यावर आता कडेला एक लालसर चंद्रकोर तेवढी उरली होती. बाटल्या धुणाऱ्या बायका हात पुसत जवळ आल्या.

"ताई, मी करू का?" शर्मिला म्हणाली. "मीच लावलंय."

"नको."

मेहरुननं फडकं भिजवलं, हात आत घातला आणि पुसलं. एकदा, मग फडक्याची घडी बदलून पुन्हा एकदा. फडक्यावर गुलाबी डाग आला. तो तिनं लपवला नाही, दाखवलाही नाही. मग भरलेला रोल लावला. ओके. मग रिकामी नळी. ओके. तिनं रोल पुन्हा चढवून झाकण लावलं आणि बटण दाबलं. पहिलं लेबल बाहेर आलं, त्यावर बॅच होती, तारीख होती, सगळं होतं.

"मग ठरलं ना, मॅम?" तेजसनं मागून विचारलं. "पुढच्या वर्षी तुम्हीच लावायचं."

ती वळली. फडकं अजून हातातच होतं.

"लावू दे कुणालाही. शर्मिला लावेल, तुम्ही लावा, जागा मी दाखवीन. त्यासाठी मेल नको की फोटोग्राफर नको." तिनं त्याच्या हातातल्या फोनकडं बोट केलं. "पुसणार मी. दरवर्षी. फोटो काढायचा तर तेव्हा काढा, आणि त्याच्याखाली तुमचं नाव टाकून पाठवा लोकांपर्यंत."

तेजसनं फोनकडं पाहिलं आणि तो खिशात ठेवला.